भिंतींतली तार

घरांतील वस्तूंचे दोन वर्ग करतां येतील. कांहीं वस्तू दिसाव्यात म्हणून घरांत येतात, आणि कांहीं दिसूं नयेत म्हणून भिंतींत गाडल्या जातात. पहिल्या वर्गाचें आयुष्य थोडें, पण मान मोठा. आमच्या कुपवाडच्या घरांत गेल्या पंचवीस वर्षांत दूरदर्शनचा संच तीनदां बदलला, आणि प्रत्येक वेळीं तो कोठें ठेवावा यावर कुटुंबाची सभा भरली. गच्चीवरून भिंतींतल्या नळींतून त्या संचापर्यंत येणारी काळी तार मात्र पहिल्या दिवशीं घातली तीच राहिली. तिच्यासाठीं सभा कोण भरवणार?

वास्तविक ही तार मोठ्या घराण्यांतली. आपण तिला केबलची वायर म्हणतों. शास्त्रांतलें तिचें नांव को-अ‍ॅक्शियल, म्हणजे एकाच आसाभोंवतीं रचलेली. कापून पाहिल्यास मधोमध तांब्याची बारीक काडी, तिच्याभोंवतीं पांढरें रोधक वेष्टन, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पापुद्रा, मग बारीक तारांची वीण आणि सर्वांवर काळी कातडी दिसते. बाहेरचा गोंगाट आंत येऊं द्यावयाचा नाहीं आणि आंतलें गुज बाहेर जाऊं द्यावयाचें नाहीं, हें त्या विणीचें व्रत. १८८० सालीं ऑलिव्हर हेवीसाइड या इंग्रज गृहस्थानें या रचनेचें पेटंट घेतलें. शेजारशेजारच्या तारांतील बोलणें एकमेकांत मिसळूं नये, ही त्याची चिंता होती. लहानपणच्या आजारानें त्याचे स्वतःचे कान मात्र अधू झालेले होते! पुढें १९५६ सालीं अटलांटिक महासागराच्या तळाशीं टेलिफोनची पहिली तार पडली, तीहि याच कुळांतली.

आमच्या गल्ल्यांत हें कूळ नांदावयास आलें तें १९९१ चें आखाती युद्ध आणि १९९२ च्या खाजगी वाहिन्या यांच्या मागोमाग. कोणाच्या तरी गच्चीवर एक मोठी छत्री उभी राही आणि तेथून निघालेली तार दहा घरांच्या कठड्यांवरून, एखाद्या कडुलिंबाला वळसा घालून, अकराव्या घरांत शिरे. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची एक महानगरपालिका १९९८ सालीं झाली; पण घरांची एकी या तारांनीं त्याआधींच करून टाकली होती.

त्या काळीं चित्र बिघडे तें हळूहळू. आधीं मुंग्या येत, मग माणसामागें त्याची सावली उमटे, मग खरखर सुरू होई. तार आपलें म्हातारपण सांगत असे, आणि तें ऐकावयास सवड मिळे. २०१२ ते २०१७ या वर्षांत टप्प्याटप्प्यानें सरकारनें केबलचें प्रक्षेपण अंकांच्या पद्धतीवर नेलें, आणि ही सवड गेली. अंकांचें चित्र शेवटपर्यंत लख्ख दिसतें. तार झिजत असते, संदेश क्षीण होत असतो, पण पडद्यावर त्याचा मागमूस नसतो. एका मर्यादेखालीं तो गेला कीं चित्राचे चौकोनी तुकडे पडतात, आणि मग तें गोठतें. कांहीं माणसेंहि अशींच असतात.

यंदा आषाढी एकादशीस पहांटे माझी आई पंढरपूरची महापूजा पाहत बसली होती. तिला चौऱ्याऐंशीं वर्षें झालीं. ऐन पूजेंत विठोबा गोठला. मी उठून खटपट करूं लागलों, तर ती म्हणाली, "राहू दे रे. तो अठ्ठावीस युगं उभा आहे, आणखी घटकाभर उभा राहील."

दुसऱ्या दिवशीं वायरमन आला. संचाकडे ढुंकूनहि न पाहतां तो गच्चीवर गेला. "सर, टीव्हीत कायबी खोट न्हाई. वायरीत पाणी गेलंय." उन्हानें कातडी तडकली होती, चिकटपट्टीच्या सांध्यांतून पंचवीस पावसाळे आंत झिरपले होते, आणि तांबें हिरवें पडलें होतें.

पुण्याहून चिरंजीवांचा सल्ला आला, "बाबा, आता तार कशाला? सगळं इंटरनेटवर दिसतं." त्याचें म्हणणें खरें होतें. पण आईच्या बोटांना वाहिन्यांचे आंकडे पाठ आहेत. नवी विद्या तिनें आतां कां शिकावी? "मग साधी घाला," तो म्हणाला, "आणखी किती वर्षं लागणार आहे?" तो तारेविषयींच बोलत होता. तरी वाक्य संपल्यावर दोघेहि क्षणभर गप्प झालों.

वायरमननेंहि दोन नमुने पुढें ठेवले, एक बारीक व स्वस्त, दुसरा जाड व महाग. "आजींपुरतीच पायजे असंल तर हलकी चालंल की." बिचाऱ्याच्या मनांत माझे पैसे वांचवावे एवढेंच होतें. परंतु तारेची जाडी आईच्या वयावरून ठरवावयाची, हा हिशेब माझ्यानें करवेना. शेजारच्या मिरजेंत तंबोऱ्याला तार चढवितांना गवयाचें वय कोणी विचारीत नाहीं. कामाची प्रत कामावरून ठरावी. मीं जाड तार निवडली.

ती घालण्याची रीत मला नवी होती. जुनी तार आधीं उपटून फेकीत नाहींत. तिच्या शेवटाशीं नवी घट्ट बांधतात. वरून नवी सोडावयाची, खालून जुनी ओढावयाची. भिंतींतली वाट जुनीलाच ठाऊक असते. एका वळणावर नवी अडली; वायरमननें शंखजिऱ्याची पूड लावली, आणि ती सरकली. शेवटीं गच्चीवर, नळीच्या तोंडाशीं, त्यानें तारेला एक झोळ ठेवला, म्हणजे पावसाचें पाणी तेथूनच ठिबकून जावें.

आई खुर्चींत बसून हें सारें पाहत होती. चित्र उमटलें. तिनें आपल्या दोनतीन वाहिन्या फिरवून पाहिल्या आणि मला विचारलें, "वायर चांगलीतली घातलीस ना रे? नाहीतर माझ्यापुरती म्हणून हलकी घालशील, आणि मागनं पोरांना त्रास."