आपापल्या इयत्तेत

उंची मोजून मुलाला वाचता येतं की नाही ते सांगता येईल, असं मी म्हटलं तर तुम्ही हसाल. पण शाळेतली पहिली ते सातवीची मुलं एका रांगेत उभी करून बघा. उंच मुलं वाचतात, बुटकी अडखळतात, असंच बहुतेक दिसेल. म्हणजे उंचीची चाचणी उत्तम! आता फक्त तिसरीचा वर्ग घ्या. चाचणी आपटलीच. उंची वाचनाबद्दल काही सांगत नव्हती, ती फक्त इयत्ता सांगत होती.

हे सगळं डोक्यात आलं ते माझ्या रक्ताच्या रिपोर्टमुळे. पीएसए ५.२. छापलेली मर्यादा ४. हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन. ते वाढलं की कर्करोगाची शंका घेतात. माझं वय ७४. बायोप्सी करायची की थांबायचं?

माझ्या भावाची नात संख्याशास्त्रात काम करते. तिला विचारलं, तर तिनं आधी 'आरओसी' वक्र काढून दाखवला. मर्यादा खाली आणली की रुग्ण जास्त सापडतात, पण निरोगी माणसंही उगीच पकडली जातात. वर नेली की उलट. प्रत्येक मर्यादेला उगीच पकडलेल्यांचं प्रमाण आडव्या अक्षावर आणि बरोबर सापडलेल्या रुग्णांचं उभ्या अक्षावर मांडलं की हा वक्र तयार होतो. त्याखालचं क्षेत्रफळ १ असेल तर चाचणी निर्दोष, ०.५ असेल तर नाणेफेक. दुसऱ्या महायुद्धात रडारवरचा ठिपका विमानाचा की नुसता गोंगाट, ह्या विचारातून ही पद्धत जन्मली म्हणे.

"पण आजोबा," ती म्हणाली, "वयाबरोबर निरोगी माणसाचंही पीएसए वाढतं आणि कर्करोगाची शक्यताही वाढते. अभ्यासातले रुग्ण म्हातारे आणि निरोगी लोक तरुण असतील, तर वयाचे मार्क चाचणीला मिळतात."

मग उपाय? प्रत्येक रुग्णाला त्याच्याच वयाच्या निरोगी लोकांमध्ये उभं करायचं आणि त्यांच्यापैकी किती टक्के त्याच्यापेक्षा वर आहेत ते बघायचं. सगळ्या रुग्णांचे असे नंबर एकत्र केले की वयाचा परिणाम काढलेला वक्र मिळतो. होली जेन्स आणि मार्गारेट पेपे यांनी २००९ मध्ये ही पद्धत नीट मांडली. 'स्टेटा' सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी 'रॉकरेग' नावाची कमांड आहे, मोफत मिळणाऱ्या 'आर'मध्येही सोय आहे. मात्र चाचणीची ताकदच वयानुसार बदलत असेल, तर प्रत्येक वयाचा वेगळा वक्र काढावा लागतो. कमांड देणं सोपं, हा फरक ओळखणं अवघड, असं ती म्हणाली. मास्तर असल्यामुळे मला ते लगेच पटलं!

वयानुसार मर्यादा ठरवण्याचं कामही जुनंच आहे. १९९३ साली अमेरिकेत सुचवलेल्या कोष्टकात सत्तर ते एकोणऐंशी वयासाठी ६.५ ही मर्यादा होती. त्या हिशेबानं मी पास. पण ते कोष्टक मिनेसोटा राज्यातल्या गोऱ्या पुरुषांवरून केलेलं. तो माझा वर्ग आहे का? शिवाय २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पीएसए ४ पर्यंत असलेल्यांची बायोप्सी केली, तेव्हा सुमारे १५ टक्के लोकांत कर्करोग सापडला होता. म्हणजे पास झाला तो सुटला, असंही नाही.

वक्र कितीही नीट काढला, तरी रेघ कुठे मारायची हे तो सांगत नाही. एक रुग्ण निसटू नये म्हणून किती निरोगी माणसांना सुई टोचायची, हे शेवटी माणसांनीच ठरवायचं असतं.

डॉक्टरांशी शांतपणे बोललो. काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी आणि आकडा चढताच राहिला तर एमआरआय, असं ठरलं आहे. काळजी गेली असं नाही, पण आता निदान कशाची काळजी करायची ते कळलं आहे.