शोधाची वाट आणि आमचं बंद पडलेलं दुकान

बारावीचे निकाल लागले की माझा फोन वाजायला लागतो. "भाई, ज़रा वो व्हॅलिडिटी का बताओ ना." तुमच्यापैकी ज्यांच्या घरात बागवान, तांबोळी, मोमीन किंवा पिंजारी म्हणून ओबीसीचा दाखला आणि त्यानंतर जात वैधता प्रमाणपत्र काढायची वेळ आली असेल, त्यांना हा फोन कशासाठी असतो हे सांगायला नको.

मी यात पहिल्यांदा पडलो तो २०१६ च्या जूनमध्ये, मामूंच्या मुलीसाठी. मामू बार्शीला राहतात, फळांचा गाडा लावतात. मुलीला इंजिनिअरिंगला ओबीसीतून प्रवेश मिळत होता. आम्ही बागवान. पण मामूंच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात एकच शब्द होता : मुसलमान. समितीला हवा होता १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा कागद, आणि त्यावर 'बागवान' असं लिहिलेलं. मामूंनी मला विचारलं, कारण मी पुण्यात कॉम्प्युटरचं काम करतो आणि त्यांच्या मते कॉम्प्युटरवाल्याला सगळं माहीत असतं.

मला काहीच माहीत नव्हतं. अकरा रात्री मी इंटरनेटवर शोधत बसलो. आधी 'मुस्लिम ओबीसी दाखला' असं टाकलं, तर क्लासच्या जाहिराती आल्या. इंग्रजीत टाकलं, तर दुसऱ्याच राज्यांचे नियम आले. मग शासन निर्णय चाळले. कुणीतरी कुठेतरी विचारलेल्या एका प्रश्नात 'कोतवाल बुक' हा शब्द सापडला आणि तिथून दार उघडलं. कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, गावातल्या जन्ममृत्यूंची जुनी नोंद. ती तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळते, बरीचशी मोडी लिपीत असते, त्यामुळे मोडी वाचणारा माणूस शोधावा लागतो. दुसरा शब्द सापडला 'प्रवेश-निर्गम उतारा'. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नुसतं 'मुसलमान' असलं तरी शाळेच्या जुन्या रजिस्टरात कधीकधी जात लिहिलेली असते. आणि कागद आपल्या थेट आजोबांचाच लागतो असं नाही. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातला कुणीही चालतो, फक्त वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडून नातं दाखवावं लागतं. शेवटी मामूंच्या आजोबांच्या धाकट्या भावाची १९४१ सालची शाळेतली नोंद मिळाली. तिथे शाईने स्वच्छ लिहिलं होतं : बागवान.

ही बातमी नात्यात पसरली आणि फोन सुरू झाले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला मिळालेलं उत्तर दुसऱ्या कुणाच्याच कामाचं नाही. प्रत्येकाची नोंद वेगळ्या गावात, वेगळ्या रजिस्टरात. उपयोगाची होती ती माझी वाट. कोणता शब्द टाकला की काही हाती लागतं, कुठे दोन रात्री फुकट जातात, कुठून परत फिरायचं. आणि ती वाट कुठेच लिहिलेली नव्हती. ब्राउझरच्या इतिहासात होती, पण क्रिकेटचा स्कोअर आणि विजेचं बिल यांच्यात कालवलेली.

माझ्या एका मित्राला हे सांगितलं तर तो उठून उभाच राहिला. म्हणाला, "अरे, हे तर बुशने १९४५ सालीच लिहिलंय!" व्हॅनेव्हर बुश हे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या युद्धविषयक संशोधनाचे प्रमुख होते. जुलै १९४५ च्या 'अटलांटिक' मासिकात त्यांनी 'मेमेक्स' नावाच्या एका काल्पनिक यंत्राविषयी लेख लिहिला. टेबलाएवढं यंत्र, आत मायक्रोफिल्मवर पुस्तकं, आणि वाचणारा एका पानावरून दुसऱ्या पानावर जसा गेला ती पायवाटही साठवायची. पुढे अशा वाटा पाडून देणं हाच काहींचा व्यवसाय होईल, असंही त्यांनी लिहिलं होतं. आपल्या भाषेत वाटाड्ये. मी तो लेख वाचला आणि त्यातल्या उदाहरणावर थबकलो. त्यांचा माणूस शोधतो काय, तर क्रुसेडच्या चकमकींत तुर्कांचं आखूड धनुष्य इंग्रजांच्या लांब धनुष्यापेक्षा सरस का ठरलं असावं! पुढे काही वर्षांनी एका मित्राशी बोलताना त्याला ती वाट आठवते, तो ती काढतो, तिची प्रत करतो आणि मित्राला देतो.

मी म्हटलं, आपल्याकडे हदीसचं असंच असतं. आधी इस्नाद, म्हणजे कुणी कुणाकडून ऐकलं याची साखळी; मग मूळ गोष्ट. साखळी कच्ची असेल तर गोष्टही कच्ची. मित्र म्हणाला, गाण्याच्या घराण्यातही गुरूचं नाव आधी येतं. त्या रात्री आम्हाला वाटलं, जगाला हे हवंच आहे.

२०१७ च्या सुरुवातीला आम्ही दोघांनी काम सुरू केलं. ब्राउझरला जोडायचं एक छोटं एक्स्टेन्शन. शोध सुरू करताना बटण दाबायचं. तुम्ही टाकलेले शब्द, उघडलेली पानं, कोणत्या पानावर किती थांबलात, कुठून मागे आलात, हे सगळं ओळीने नोंदलं जायचं. शेवटी 'वाट द्या' म्हटलं की तिची लिंक तयार. दुसऱ्याने ती उघडली की तो पायरी पायरीने चालणार, आणि वाटेत त्याला नवी फांदी फुटली तर तीही जोडणार. कोडिंग अवघड नव्हतं. शनिवार-रविवारी बसून पाच महिन्यांत उभं राहिलं.

अवघड होतं ते लोकांपर्यंत नेणं. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये आम्ही पत्रकं वाटली. एमपीएससीच्या मुलांनी ऐकून घेतलं आणि एकाने सरळ विचारलं, "मी दोन वर्षं घासून जे शोधलं, ते माझ्याच स्पर्धकाला का देऊ?" सोलापूरला तहसीलबाहेर बसणाऱ्या एका एजंटला दाखवलं. तो हसला. "मग आम्ही काय खायचं? लोक आम्हाला पैसे वाटेचेच देतात." पैसे गुंतवणाऱ्या एका गृहस्थांनी आम्हाला वीस मिनिटं दिली. त्यांचा प्रश्न होता की दर महिन्याला किती वाटा तयार होतात. आमच्याकडे होत्या त्रेचाळीस, त्यातल्या चाळीस आम्हीच केलेल्या. ते म्हणाले, आकडा वाढवा, मग या.

इथून पुढचं लिहायला मला इतकी वर्षं लागली.

सुरुवातीला आम्ही वाट देण्याआधी एक पान ठेवलं होतं. नोंदलेल्या सगळ्या पायऱ्या त्यावर दिसायच्या. नको ती खोडा आणि मग द्या. पण साठ-सत्तर पायऱ्या तपासायला लोक कंटाळायचे आणि तिथूनच निघून जायचे. आकडा वाढवायचा म्हणून मी ते पान काढून टाकलं. मित्राने विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "बघू तर." महिनाभरात वाटा तिप्पट झाल्या.

नात्यातल्याच एका मुलीने आपल्या व्हॅलिडिटीची वाट दिली. फार चांगली वाट होती, माझ्यापेक्षाही चांगली. मोडी वाचणाऱ्यांपर्यंत कसं पोचायचं ते त्यात होतं. तिच्या चाचांनी ती लिंक खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. पण त्या वाटेत, रात्री एकच्या सुमारास, तिने मध्येच दुसरंच काही शोधलं होतं. फिट येण्यावरच्या एका गोळीचं नाव, आणि त्यापुढे, ही गोळी चालू असताना मूल होऊ शकतं का. बटण बंद करायला ती विसरली होती. तिला फिट येतात हे तिच्या अम्मी-अब्बांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. तिच्या लग्नाची बोलणी चालू होती आणि मुलाकडची दोन माणसं त्या ग्रुपवर होती.

तिच्या अम्मींचा फोन आला. त्या ओरडल्या नाहीत. "बेटा, ये तूने क्या किया?" एवढंच म्हणाल्या. मी दहा मिनिटांत ती वाट काढून टाकली. पण स्क्रीनशॉट काढून टाकायचं बटण कुणाकडेच नसतं. बोलणी थांबली. कारण कुणी सांगितलं नाही, विचारायची सोयही नव्हती.

मला हे ठाऊक नव्हतं असंही म्हणता येत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकन कंपनीने संशोधकांसाठी म्हणून साडेसहा लाख लोकांचे तीन महिन्यांतले सुमारे दोन कोटी शोध खुले केले होते. नावं काढून नुसते क्रमांक ठेवले होते. तरी थोड्याच दिवसांत वार्ताहरांनी त्यातल्या एका वयस्क बाईंचं दार वाजवलं. माणूस काय शोधतो त्यावरूनच तो ओळखू येतो. ही गोष्ट मी स्वतः आमच्या सादरीकरणात घातली होती, 'आम्ही काळजी घेतो' या मथळ्याखाली.

आपल्या वस्तीत तर या भीतीला आणखी एक पदर आहे. पत्रकं वाटताना कोंढव्यात एका मुलाने मला विचारलं होतं, "भाई, मैंने कुछ भी देखा तो वो किसीको दिखेगा क्या?" तो बातम्या वाचायचा, कुठे स्फोट झाला तर त्याबद्दल शोधायचा आणि मग घाबरून सगळं पुसून टाकायचा. तेव्हा मी त्याला हसून 'नहीं रे' म्हणालो होतो.

त्यानंतर आम्ही सगळं उलटं केलं. आपोआप काहीच नोंदायचं नाही. वाट देणाऱ्याने कोऱ्या पानापासून सुरुवात करायची आणि हवी तेवढी पायरी स्वतःच्या हाताने ठेवायची. मला आजही तेच बरोबर वाटतं. पण मग वाटा येणंच थांबलं. आलेल्या इतक्या नीटनेटक्या असायच्या की चुकलेली वळणं त्यात नसायची, आणि दुसऱ्याच्या कामाची तर तीच असतात. २०१९ मध्ये आम्ही सर्व्हरचं भाडं भरणं बंद केलं. मित्र नोकरीला बंगळूरला गेला.

आता कधी बुश यांचा लेख आठवला की वाटतं, मी त्यातली एक साधी गोष्ट वाचूनही सोडून दिली. त्यांचा माणूस ती वाट स्वतः काढतो आणि समोर बसलेल्या मित्राला देतो. इस्नादमध्येही सांगणारा स्वतः सांगतो, स्वतःच्या नावाने सांगतो. कुणी त्याच्या पाठीमागे उभं राहून टिपून घेत नाही. आम्ही देणाऱ्याला मधून काढून टाकलं आणि वाट तेवढी ठेवली.

गेल्या वर्षी जूनमध्ये त्याच मुलीचा फोन आला. तिच्या धाकट्या भावाला व्हॅलिडिटी हवी होती. "भाई, वो कोतवाल बुक वाला सब मैं भूल गई. तुम्हारे पास है क्या?" माझ्याकडे तिची वाट नव्हती, सगळं पुसलेलं होतं. मी वहीत बसून, आठवून आठवून, सतरा पायऱ्या लिहिल्या. कुठे चुकलो होतो तेही लिहिलं. फोटो काढून तिला पाठवला. तिने वाचला, दोन पायऱ्या दुरुस्त केल्या, एक नवी घातली आणि परत पाठवला. खाली लिहिलं होतं, "किसी और को देना हो तो दे देना. मेरा नाम भी डालो, चलेगा."

तेव्हापासून जून-जुलैत फोन आला की मी तोच कागद पाठवतो. वर तिचं नाव असतं, खाली माझं.