जोडा आणि पाऊल

माणसाला आपल्या मुखाची जितकी ओळख असते तितकी आपल्या पावलांची नसते, हें आम्हांला पन्नाशी उलटल्यावर कळलें. रक्तांत साखर दिसूं लागली. डॉक्टरांनीं रोज चालावयास, आणि पेलवल्यास हळूहळू धांवावयास सांगितलें. आम्ही धांवण्याचे जोडे घेण्यास निघालों.

जोड्याची धास्ती आमच्या घराला नवीन नाहीं. वडिलांच्या पायाचा अंगठा मधुमेहांत गेला. निमित्त झालें तंग जोड्यानें आलेल्या एका फोडाचें. या रोगांत पावलाची जाणीव बोथट होते. जोडा चावतो आणि त्याचा धन्याला पत्ताहि नसतो.

हें ठाऊक असूनहि दुकानांत आम्हीं काय केलें? माप विचारतांच ‘आठ’ असें ऐटीनें सांगितलें. तें माप कॉलेजांतलें! वयाबरोबर पाऊल पसरतें, हें आमच्या गांवींहि नव्हतें. पंधरा दिवसांत अंगठ्याचें नख काळें पडलें. तें पाहून घरांतून एक शब्दहि निघाला नाहीं; सौभाग्यवतींनीं भिंतीवरील वडिलांच्या तसबिरीकडे एकवार पाहिलें, इतकेंच.

दुसऱ्या खेपेस आम्ही संध्याकाळीं गेलों, कारण दिवसभरांत पाऊल किंचित् सुजतें. धांवतांना घालावयाचे मोजे बरोबर नेले. उभें राहून दोन्ही पावलें मोजविलीं, तों डावें उजव्याहून मोठें निघालें! मोठ्याच्या मापानें जोडा घेतला: सर्वांत लांब बोटापुढें अंगठाभर जागा, टांच घट्ट, बोटें मोकळीं. पावलाची कमान पाहून जोडा ठरविण्याचें शास्त्र दुकानदारानें ऐकविलें. पण तशा निवडीनें दुखापती कमी होतात, असें सैनिकांवरील प्रयोगांत आढळलें नाहीं. दुकानांत चार पावलें धांवून जो सुखाचा वाटला, तो आम्हीं घेतला.

अबेबे बिकिला यानें १९६० सालीं रोमला मॅरेथॉन शर्यत अनवाणी जिंकली आणि १९६४ सालीं टोकियोस जोडे घालून जिंकली. तो मोकळेपणा आमच्या नशिबीं नाहीं. मधुमेह्यानें अनवाणी फिरूं नये.

आतां रोज रात्रीं आम्ही दिव्याखालीं पावलें न्याहाळतों. तेव्हां एक गोष्ट मनाला टोंचते. वडिलांच्या पायांवर आम्हीं किती वेळां डोकें ठेवलें असेल! पण ते पाय एकदांहि नीट पाहिले नाहींत.