अरण्यातील शिष्टाचार आणि गोल्फचे मैदान

बँकेतील चौतीस वर्षांची नोकरी संपवून मी निवृत्त झालो, तेव्हा डॉक्टरांनी मला चालण्याचा सल्ला दिला आणि जावईबापूंनी गोल्फचा. दोन्ही एकत्र साधेल, अशा हिशेबाने मी साठीनंतर हातात गोल्फची काठी धरली. हा श्रीमंतांचा रिकामपणाचा खेळ आहे, अशी माझीही समजूत होती. ती लवकरच दूर झाली. अठरा होलचा एक डाव पुरा करायला सुमारे चार तास लागतात, आणि त्यांत प्रत्यक्ष फटके मारण्याचा वेळ जेमतेम काही मिनिटांचा असतो. उरलेला सारा वेळ माणूस चालत असतो आणि स्वतःच्या मनाशी बोलत असतो. खेळ बिघडतो तो बहुधा या उरलेल्या वेळातच.

माझाही तसाच बिघडला. पुण्यातील एका मैदानावर सातव्या होलला माझा चेंडू एका झाडाच्या मुळाशी जाऊन अडकला. जावईबापू दूर होते. मी इकडेतिकडे पाहिले आणि बुटाच्या टोकाने चेंडू वीतभर मोकळ्या गवतावर सरकवला. गोल्फमध्ये चेंडू जेथे पडला तेथूनच खेळायचा, हा मूळ नियम आहे. तो मोडला तर दंडाचे फटके स्वतःच मोजायचे असतात. मी ते मोजले नाहीत. कार्डावर सहाचा आकडा लिहिला. आमची पिशवी वाहणारा कॅडी मुलगा जवळच उभा होता. त्याने पाहिले आणि मान फिरवली. त्यानंतर माझा एकही फटका सरळ गेला नाही. नजर चेंडूवर असे, पण मन मात्र त्या मुलाच्या चेहऱ्यावर. ज्याने आयुष्यभर पैशापैशाचा ताळा जुळवला, त्याने दोन फटक्यांसाठी खोटी नोंद करावी, हे मला स्वतःलाच पटत नव्हते. तरीही ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही.

गेल्या मे महिन्यात जावईबापू, कन्या आणि नातू यांच्यासह मी चंद्रपूरला गेलो. नव्वदच्या दशकात चार वर्षे मी तेथील शाखेत होतो. पण त्या काळात ताडोबा पाहिले ते दोनदाच, तेही वरिष्ठांच्या पाहुण्यांना घेऊन. आता स्वतःसाठी पाहायचे होते. आपल्यापैकी अनेक कुटुंबे भद्रावतीला दर्शनासाठी येतात आणि तेथूनच परत फिरतात. त्यांनी एक दिवस अधिक काढावा. मोहर्लीचे प्रवेशद्वार तेथून फार दूर नाही.

ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ साली घोषित झाले; अंधारी अभयारण्य १९८६ साली. दोन्ही मिळून आजच्या व्याघ्र प्रकल्पाचे गाभाक्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचे आहे. साग, बांबू, ऐन, मोह आणि तेंदू यांचे हे जंगल मे महिन्यात बरेचसे निष्पर्ण झालेले असते, म्हणून नजर लांबवर पोहोचते. ताडोबा हे नाव तारू या आदिवासी गावप्रमुखावरून पडले, असे सांगतात. वाघाशी झुंजताना त्याला मरण आले आणि तो देव झाला. तलावाच्या काठी त्याचे ठाणे आहे. ज्या वनाचे नाव वाघाशी झुंजलेल्या माणसाचे, त्या वनात आपण वाघ पाहण्यासाठी जिप्सीत बसून जातो.

पहाटे आमची जिप्सी आत शिरली. सफारीही सुमारे चार तासांचीच. आमच्याबरोबर गाईड म्हणून मोहर्ली भागातील एक तरुण ताई होत्या. त्यांनी निघताना मोजक्या शब्दांत सांगितले: गाडीतून उतरायचे नाही, उभे राहून ओरडायचे नाही, काही टाकायचे नाही, आणि समोरच्या गाडीला दिसत असेल तर तिला पाहू द्यायचे. नातवाने मान डोलावली. मीही डोलावली.

दोन तास काही दिसले नाही. मग उजवीकडून चितळाने इशारा दिला, पाठोपाठ वानर खेकसले. वळणावर आमच्यापुढे एक गाडी उभी होती. बांबूच्या आड वाघीण बसली आहे, असे ताईंनी खुणेने दाखवले. पुढच्या गाडीमुळे मला काहीच दिसेना. मी उठून उभा राहिलो आणि चालकाला म्हणालो, “बाजूने काढा ना गाडी पुढे. तुमचं मी वेगळं बघतो.” माझा आवाज आवश्यकतेपेक्षा मोठा होता.

चालकाने ताईंकडे पाहिले. ताई हळूच म्हणाल्या, “नाही काकाजी, गाडी पुढे नाही घेत. रस्ता तिचा आहे. आपण अडवला तर ती बसूनच राहते, अन् मग कोणालाच दिसत नाही. तुम्ही बसा.” असे म्हणून त्यांनी गाडी पुढे नेण्याऐवजी पन्नासेक पावले मागे घ्यायला लावली. मी खाली बसलो. नातू माझ्याकडे पाहत होता, आणि मला पुण्यातील तो कॅडी मुलगा आठवला.

बऱ्याच वेळाने वाघीण उठली आणि आम्ही मोकळ्या केलेल्या जागेतून रस्ता ओलांडून गेली. आम्हाला पानांच्या आडून तिची पाठ आणि शेपटी तेवढी दिसली. पुढच्या गाडीतील मंडळींनी तिला पूर्ण पाहिले. ताईंचा चेहरा मात्र समाधानाने फुलला होता.

याच विदर्भात याच्या उलटही घडलेले आहे. २०२४ च्या अखेरीस उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीला तिच्या पिल्लांसह घेरले. त्या घटनेची दखल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून घ्यावी लागली. त्या गाड्यांत वाईट माणसे बसली होती, असे मला वाटत नाही. ‘मी पैसे भरले आहेत, मला दिसलेच पाहिजे,’ असे म्हणणारी माझ्यासारखीच माणसे ती असणार.

दुसऱ्या दिवशी एका जुन्या सहकाऱ्याच्या आग्रहावरून आम्ही मूल, सावलीमार्गे वैनगंगा ओलांडून गडचिरोलीला आणि तेथून धानोरा रस्त्यावरील मेंढा-लेखा या गावी गेलो. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारे हे गोंड गाव देशभर प्रसिद्ध आहे. येथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचेही समाधान झाले नसेल तर सभा पुन्हा बसते. आमच्या नातवाला हे फार वेळखाऊ वाटले. मला मात्र बँकेतील अनेक सभा आठवल्या, जेथे निर्णय झटपट झाले आणि त्यांच्या दुरुस्तीत वर्षे गेली. बांबूच्या बेटातला त्या वर्षीचा कोवळा कोंब तोडायचा नाही, हा बांबू कापणीचा जुना संकेत आहे. गोल्फमध्येही फटक्याने उखडलेले गवत खेळाडूने स्वतः पुन्हा बसवायचे असते आणि वाळूतील आपल्या पावलांच्या खुणा दाताळ्याने मिटवायच्या असतात. मागून येणाऱ्याचा विचार दोन्हीकडे एकच आहे.

गोल्फचे पहिले लेखी नियम १७४४ साली स्कॉटलंडमधील लीथ येथे झाले. ते केवळ तेरा होते. २०१९ साली नियमांची नव्याने मांडणी झाली, तेव्हा पहिल्याच नियमात खेळाडूच्या वर्तनाला स्थान मिळाले: प्रामाणिकपणे खेळावे, इतरांचा विचार करावा, मैदानाची काळजी घ्यावी. दुसरा फटका मारत असताना बोलू नये, मागची मंडळी वेगाने येत असतील तर त्यांना पुढे जाऊ द्यावे, हरवलेला चेंडू तीन मिनिटांपेक्षा जास्त शोधू नये. हे सारे शिष्टाचार इतरांच्या सोयीसाठी असतात, असे मी समजत होतो. ताडोबात कळले की त्यांचा पहिला लाभ आपल्यालाच होतो. जो दुसऱ्याला वाट देतो त्याच्या मनात घाई उरत नाही, आणि जो खरा आकडा लिहितो त्याला कोणाच्या नजरेची भीती उरत नाही. चित्त चेंडूवर ठेवा, असे शिक्षक सांगतात. पण ते आधी मोकळे असावे लागते.

बॉबी जोन्स या थोर अमेरिकन खेळाडूची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. १९२५ च्या अमेरिकन ओपन स्पर्धेत उंच गवतात फटक्याच्या तयारीत असताना त्याचा चेंडू किंचित हलला. इतर कोणी ते पाहिले नव्हते. त्याने स्वतःहून एक फटका दंड लावून घेतला. त्यामुळे बरोबरी झाली आणि पुढच्या निर्णायक फेरीत तो हरला. लोकांनी स्तुती केली, तेव्हा त्याच्या उत्तराचा आशय असा होता की, बँक लुटली नाही म्हणूनही कोणी कोणाची स्तुती करतो काय? बँकवाल्याने हे उत्तर विसरणे शक्य नाही.

परतीच्या वाटेवर वरोऱ्याजवळ आम्ही चहासाठी थांबलो. तेथे मी जावईबापूंना सातव्या होलची हकिगत सांगितली. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “बाबा, त्या दिवशी मी तुमच्यापेक्षा एका फटक्याने हरलो होतो.” हे मला ठाऊक होते, त्यांनाही ठाऊक होते. नातू सारे ऐकत होता. त्याने विचारले, “मग आता कार्ड बदलणार का, आजोबा?”

पुण्याला गेल्यावर ते कार्ड शोधून काढले आणि सहाचे आठ केले. बाजूला सही केली, जशी बँकेत प्रत्येक दुरुस्तीवर करीत असे. पुढच्या खेळात तो कॅडी मुलगा भेटला, त्यालाही सांगितले. तो लाजून हसला आणि म्हणाला, “होतं असं, सर.” त्या दिवशी माझे फटके नेहमीइतकेच झाले, दोनचार जास्तच असतील. पण शेवटच्या होलपर्यंत मला मागे वळून पाहावे लागले नाही.