उतरवलेल्या ट्यूबा कुठे गेल्या?



मागच्या बुद्धजयंतीआधी आम्ही खर्डीतल्या विहाराला रंग दिला आणि जुन्या ट्यूबा उतरवून एलईडी लावल्या. उतरवलेल्या ११ ट्यूबा मी स्वतः भंगार गोळा करणाऱ्या कातकरी मावशींना दिल्या. चार पैसे मिळतील, हा विचार. आठवड्याने त्या नाल्यापाशी दिसल्या. ट्यूबा दगडावर फोडून टोकाची अ‍ॅल्युमिनियमची टोपणं काढत होत्या. शेजारी त्यांचा नातू आतली पांढरी पावडर गालाला फासून हसत होता.

मी ओरडलो. मावशी शांतपणे म्हणाल्या, "दादा, तुम्हीच तर दिल्या."

ट्यूब आणि सीएफएलमध्ये पारा असतो. एका ट्यूबमध्ये काही मिलिग्रॅमच, पण फुटली की त्याची वाफ होते. ती दिसत नाही, तिला वास नाही, श्वासावाटे थेट शरीरात जाते. मेंदू, मज्जासंस्था आणि मूत्रपिंडं यांना त्यापासून इजा होऊ शकते. लहान मुलं आणि गरोदर बायांना धोका जास्त. आपल्या घरी वर्षाला एखादी फुटते, भंगारवाल्यासमोर रोज फुटते.

कायदा नाही असं नाही. २०१६ च्या ई-कचरा नियमांत पारायुक्त दिवे आहेत, २०२२ च्या नियमांतही आहेत. जबाबदारी उत्पादकावर आहे. नोंदणीकृत कारखान्यात ट्यूब बंद यंत्रात फोडतात, पारा पकडतात, काच आणि धातू वेगळे करतात. मी एका कार्यालयात चौकशी केली तर उत्तर मिळालं, "फोडून खड्ड्यात टाका." तानसा-भातसाचं पाणी आपल्या तालुक्यातून मुंबईला नेण्याची सोय झाली. मग आपल्या ट्यूबा कारखान्यापर्यंत परत जायला वाट का नाही?

काही मित्र म्हणतात, हा पर्यावरणवाल्यांचा विषय, आपला प्रश्न जातीचा. २००१ मध्ये कोडाईकनालला हिंदुस्तान लिव्हरच्या थर्मामीटर कारखान्यातला पारा लागलेला काचकचरा सापडला तो भंगाराच्या आवारातच. माजी कामगारांशी तडजोड व्हायला २०१६ उजाडलं. घातक कचरा नेहमी उतरंडीच्या तळाशीच का जातो? मेलेली ढोरं ओढणं गावाने आपल्या पणजोबांवर लादलं होतं. बाबासाहेबांनी ते सोडायला सांगितलं, १९२८ मध्ये वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मुंबई कायदेमंडळात मांडलं. आपण ढोर सोडलं. पण गावाचं नकोसं खालच्याने उचलायचं ही रीत गेली नाही. या वेळी तर देणारा हात एका शिकलेल्या बौद्धाचा होता.

आता विहारात एक लांब खोकं ठेवलंय. ट्यूब अख्खी, पुठ्ठ्यात गुंडाळून त्यात ठेवायची. फुटलीच तर खिडक्या उघडून १५ मिनिटं बाहेर थांबायचं. झाडू मारायचा नाही. जाड कागदाने तुकडे गोळा करायचे, ओल्या कागदाने पुसायचं, सगळं झाकणाच्या बरणीत बंद करायचं. मावशींचे टोपणांचे पैसे बुडतात, ते आम्ही वर्गणीतून देतो. संकलन केंद्रासाठी ग्रामसभेत अर्ज दिलाय. पण एवढ्याने भागणार नाही. उत्पादकाने माल उचलून नेईपर्यंत पाठपुरावा करावा लागेल.

तुमच्या विहारात, शाळेत, समाजमंदिरात एलईडी लागत असतील तर टाळ्या वाजवण्याआधी विचारा: उतरवलेल्या कुठे गेल्या, आणि कुणाच्या हातात गेल्या?

जय भीम!