जोतिबाच्या डोंगरावर अब्बांचा ग्राइंडर

मे महिन्याच्या सुटीत माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीहून आला आणि म्हणाला, "आपा, अब्बांचा ग्राइंडर आणि ड्रिल मी घेऊन जाणार." मरहूम अब्बांचे वर्कशॉप कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात होते. ते विकले, पण ही दोन हत्यारे घरात राहिली. अडचण एकच होती. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, तिकडे साध्या प्लगला १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ.

अब्बांबरोबर पंचवीस वर्षे काम केलेले मिस्त्रीकाका आता जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीत राहतात. मोटारी वाइंड करण्यात त्यांची हयात गेली. हत्यारे गाडीत घालून आम्ही निघालो. केर्ली सोडल्यावर चढ लागतो. डोंगर सुमारे ३१०० फूट उंच. वर गेले की एका बाजूला पन्हाळा दिसतो, दुसऱ्या बाजूला वारणेचे खोरे. चैत्राची यात्रा होऊन गेली होती, तरी दगडी पायऱ्यांच्या सांध्यांत गुलाबी गुलाल होता. राणोजी शिंदे यांनी १७३० मध्ये बांधलेल्या देवळाच्या शिखरांवर उन्हे आली होती.

काकांनी आधी चहा दिला, मग ड्रिल उघडले. "हे बघ, कार्बन ब्रश आहेत. अशा मोटारीला हर्ट्झचं काही पडलेलं नसतं. १२० चे २३० करणारा ट्रान्सफॉर्मर घे, काम झालं. पण सुरू होताना मोटार जास्त करंट ओढते, म्हणून हत्याराच्या वॅटच्या दुपटीचा तरी घे."

मी विचारले, "काका, ट्रान्सफॉर्मरने वीज वाढते का?"

"वाढत नाही, पोरी. १५०० वॅटचं हत्यार इथं साडेसहा अँपिअर घेतं. तिथं ट्रान्सफॉर्मर लावलास, तर भिंतीतून साडेबारा ओढेल. प्लगची लाइन पंधरा अँपिअरची असली, तर बराच वेळ चालवणं बरं नाही."

भाऊ म्हणाला, "काका, आमच्या गॅरेजमध्ये कपडे वाळवण्याच्या मशीनला २४० व्होल्ट आहेत."

"आहेतच. तिकडं घरात दोन गरम तारा येतात, मध्ये न्यूट्रल. एक गरम तार आणि न्यूट्रल म्हणजे १२०, दोन गरम तारांमध्ये २४०. पण आपल्या हत्याराचा स्विच एकच तार तोडतो. तिकडं बंद केल्यावरही दुसरी जिवंत राहील. दोन्ही तारा तोडणारा स्विच बसव, अर्थिंग सोडू नको. आणि त्या मशीनचा ब्रेकर तीस अँपिअरचा असेल. ग्राइंडरची बारीक वायर जळेल, तरी तो पडणार नाही. लायसन्सवाल्याकडून वेगळी लाइन ओढून घे."

मग त्यांनी ग्राइंडर हातात घेतला आणि गप्प झाले. "ह्याला ब्रश नाहीत. ह्याचा वेग हर्ट्झवर चालतो. इथं मिनिटाला २८५० फेरे, तिथं ३४०० च्या वर. ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ बदलत नाही. मोटार सोसेल. पण हा दगड? ह्याच्यावरचा कागद गेलाय, किती फेऱ्यांचा आहे कळत नाही. फुटला, तर तुकडा थेट तोंडावर."

भाऊ हळूच म्हणाला, "हा दगड अब्बांनी स्वतः बसवला होता, काका."

"म्हणूनच सांगतो. तुझ्या अब्बांनी कागद नसलेला दगड कधी कुणाला लावू दिला नाही."

असरची वेळ झाली. काकूंनी पडवीत धुतलेली चटई अंथरून दिली. आम्ही नमाज अदा केली, तेवढ्यात काकांनी नटाला तेल घालून दगड काढून ठेवला होता.

ग्राइंडर न्यू जर्सीला गेला. जास्त वेगाचा नवा दगड तिथेच घ्यायचा ठरले. जुना माझ्या टेबलावर आहे, तपासायच्या वह्या त्याच्याखाली दाबून ठेवते. आठवण म्हणून वस्तू जपावी, पण तिच्यापायी पोरांचे डोळे धोक्यात घालू नयेत. अब्बा असते, तर हेच म्हणाले असते.