गाड्यांचे स्वभाव

लान्चिया डेल्टा एस४चा अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आधी सुपरचार्जरची बारीक, धारदार शीळ कानात शिरते. कमी आरपीएमवर इंजिनात हवा कोंबायचं काम त्याचं, कारण टर्बोला जाग यायला वेळ लागतो. आरपीएम चढले की टर्बो कारभार हाती घेतो, शीळ विरते आणि गाडी अशी सुटते की पुढचं वळण विचार करायच्या आत अंगावर येतं. जेमतेम 1.8 लिटरचं इंजिन, तेही ड्रायव्हरच्या पाठीमागे. वजन नऊशे किलोंच्या आसपास, ताकद साडेचारशे अश्वशक्तीच्या वर. आपल्या रस्त्यांवरच्या छोट्या हॅचबॅकचं वजनही साधारण एवढंच असतं. ताकद मात्र साठ-सत्तर अश्वशक्ती.

ही गाडी मी हाताळते ती संगणकावर, ‘डर्ट रॅली 2.0’ या खेळामध्ये. खरीखुरी एस४ माझ्या वाट्याला कधी येणार? आणि आलीच तर एखाद्या संग्रहालयात, दोरीपलीकडे, टाकीत पेट्रोल नसलेली. संग्रहालयं या गाड्यांचा देह फार निगुतीने सांभाळतात, त्यांचे उपकारच आहेत. पण गाडीचा स्वभाव चालवल्याखेरीज कळत नाही. तो सांभाळायचं काम या खेळांनी केलंय, असं मला मनापासून वाटतं.

1982 ते 1986 या काळातल्या ‘ग्रुप बी’ रॅलीगाड्यांना तर स्वभावच स्वभाव होता. नियम सैल होते. दोनशे गाड्या बांधून दाखवा आणि रॅलीत उतरा, एवढीच मुख्य अट. मग कंपन्यांनी वरून शोरूममधल्या गाडीसारखा चेहरा ठेवला आणि आत वेगळाच प्राणी बसवला. बाजारात जाण्यापुरती वाटणारी एमजी मेट्रो घ्या. तिच्या रॅलीतल्या 6आर4 या अवतारात मागे तीन लिटरचं व्ही6 इंजिन होतं, तेही टर्बोशिवाय. पुढे याच इंजिनाच्या आधारावर जग्वार एक्सजे220 या अतिवेगवान गाडीचं इंजिन तयार झालं.

माझा जीव मात्र अडकलाय 1983 सालच्या जोडीत. एकीकडे ऑडी क्वात्रो : चारही चाकांना ताकद, पाच सिलिंडरचं घोगरं, लयीत अडखळणारं इंजिन. दुसरीकडे लान्चिया 037 : फक्त मागच्या चाकांवर चालणारी, हलकी, सडपातळ. क्वात्रोचं इंजिन पुढच्या आसाच्याही पुढे बसवलेलं. त्यामुळे वळणावर स्टिअरिंग फिरवलं तरी, नवख्या बैलाने मान खाली घालून सरळच ओढत सुटावं, तशी ती सरळ जाऊ पाहते. तिला वळवायची तर उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक दाबायचा, म्हणजे नाक आत येतं. हे हाताला जमलं की मिशेल मूतोंबद्दलचा आदर दुणावतो. 1982 साली याच क्वात्रोतून पोर्तुगाल, अक्रोपोलिस आणि ब्राझील अशा तीन जागतिक रॅली त्या जिंकल्या. शेजारी पुढच्या वळणांच्या नोट्स वाचायला सहचालक फाब्रित्सिया पोन्स. विश्वविजेतेपद थोडक्यात हुकलं, आणि त्याच हंगामाच्या अखेरच्या दिवसांत त्यांचे वडीलही गेले.

037चं सगळं उलट. ती सांगाल तशी वळते, पण मातीवर अ‍ॅक्सिलरेटर जरा जास्त दाबला गेला की शेपूट पुढे येऊ बघते. अशा गाडीने 1983चं उत्पादकांचं अजिंक्यपद क्वात्रोच्या हातून अवघ्या दोन गुणांनी हिसकावलं. त्यानंतर दोन चाकांवर चालणाऱ्या कुठल्याही गाडीला ते मिळालेलं नाही. खेळातल्या ग्रीसमध्ये, अर्गोलिसच्या दगडगोट्यांच्या रस्त्यावर ती चालवताना खडे तळाला ताडताड आपटतात, उजव्या हाताला दरी असते आणि फिल मिल्स नोट्स वाचत असतात. ते खरोखरचे सहचालक. 2003 साली पेटर सोलबर्गबरोबर विश्वविजेते ठरलेले. डावं सहा, लगेच उजवं तीन, आतून कापू नको. आकडा जितका लहान तितकं वळण कडक. काही वेळाने डोळ्यांपेक्षा कानांवर भरवसा बसतो. समोर धुळीशिवाय काही दिसत नसताना केवळ एका आवाजाच्या शब्दावर गाडी झोकून द्यायची, हे रॅलीचं मर्म मला या खेळामुळे कळलं.

पण या स्वभावांची किंमत माणसांनी मोजली. 2 मे 1985 रोजी कॉर्सिकात 037 चालवताना अत्तिलिओ बेत्तेगा गेले. बरोबर एका वर्षाने, 2 मे 1986ला, त्याच बेटावर हेन्री तोइव्होनेन आणि त्यांचे सहचालक सर्जिओ क्रेस्तो यांची डेल्टा एस४ एका डाव्या वळणावर रस्ता सोडून दरीत कोसळली. तोइव्होनेन तेव्हा आघाडीवर होते, वय 29. इंधनाच्या टाक्या आसनांखाली होत्या. आगीतून उरला तो नळ्यांचा काळा सांगाडा. त्याआधी मार्चमध्ये पोर्तुगालला एक फोर्ड आरएस200 प्रेक्षकांत घुसली होती. कॉर्सिकानंतर काही तासांतच ग्रुप बी बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. तो योग्यच होता. या गाड्यांवर माझं कितीही प्रेम असलं तरी त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

‘आर्ट ऑफ रॅली’ नावाच्या 2020च्या एका देखण्या खेळात इतिहास वेगळं वळण घेतो. तिथे ग्रुप बी कधी बंद पडतच नाही आणि कागदावरच राहिलेला ‘ग्रुप एस’ही रस्त्यावर उतरतो. ती कल्पना मला लोभस वाटते, पण मी तिथे फार रमत नाही. मी पुन्हा एस४कडेच वळते. ‘ईए स्पोर्ट्स डब्ल्यूआरसी’मध्ये भूमध्य सागराकाठचे अरुंद डांबरी घाट आहेत. तिथे एस४ घेऊन गेले की मी नकळत डाव्या वळणांवर वेग कमी करते. गाडी दरीत गेली तर एक बटण दाबून पुन्हा रस्त्यावर आणता येते, हे ठाऊक असूनही.

गाडी निवडताना पडद्यावर तिचं इंजिन, वजन, अश्वशक्ती हे सगळं मांडलेलं असतं. एस४ ज्या ज्या खेळात असेल, त्या प्रत्येकात या आकड्यांच्या खाली दोन ओळींची जागा ठेवावी आणि तिथे तोइव्होनेन आणि क्रेस्तो यांची नावं लिहावीत. 037च्या खाली बेत्तेगांचं.